मेरोव्हिंजियन भाऊबंदकी वाचावी कशी : सोलापुरातील अभ्यासमंडळांसाठी एक पद्धत

सहाव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या परिसरात राज्य करणाऱ्या मेरोव्हिंजियन या फ्रँक राजघराण्याचा इतिहास हाती घेणारा मराठी वाचक बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावर थांबतो, आणि त्याला थांबवतो तो रक्तपात नव्हे, तर नावांचा गुंता. चिल्डेबर्ट, चिल्डेरिक, चिल्पेरिक, थ्यूडेबर्ट, थ्यूडेरिक आणि क्लोथार ही मंडळी एकाच परिच्छेदात भेटतात, त्यांतील दोघांची नावे तंतोतंत सारखी असतात, आणि कोणी कोणाला मारले हे लक्षात येईपर्यंत मारणाराही मेलेला असतो. सोलापुरात आमचे आठ-दहा जणांचे एक वाचनमंडळ रविवारी सकाळी बसते आणि या विषयावर आम्ही दोनदा बैठका घेतल्या. पहिल्या वेळी आम्ही सपशेल फसलो, दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी सावरलो. त्या दुसऱ्या वेळची पद्धत येथे मांडली आहे. तिला चार बैठका, एक मोठा कागद, रंगीत सूत आणि एक वही एवढेच साहित्य लागते. संक्रांतीच्या सुमारास, म्हणजे गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, बैठका ठेवू नयेत, कारण त्या दिवसांत मंडळी जमत नाहीत आणि जमली तरी त्यांचे चित्त जागेवर नसते.

आरंभी काळाची मर्यादा घालून घ्यावी. मेरोव्हिंजियन घराणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ७५१ पर्यंत राज्य करीत होते, परंतु सगळा काळ एकदम घेणाऱ्या मंडळाच्या हाती काहीच लागत नाही. ५६१ ते ६१३ ही बावन्न वर्षे निवडावीत. ५६१ मध्ये पहिला क्लोथार मरण पावला आणि राज्य त्याच्या चार मुलांत वाटले गेले. ६१३ मध्ये त्याचा नातू दुसरा क्लोथार पुन्हा सगळ्या राज्याचा एकटा धनी झाला. या दोन टोकांच्या मध्ये जे घडले ते नीट कळले, तर त्याच्या मागचे आणि पुढचे फारसे कष्ट न घेता वाचता येते. शिवाय त्यांतील तीस वर्षांसाठी आपल्याजवळ तूर शहराच्या बिशप ग्रेगरीसारखा साक्षीदार आहे, जो यांतल्या अनेकांना प्रत्यक्ष भेटला होता.

नावांची व्यवस्था

पहिल्या बैठकीत इतिहास सांगू नये, फक्त नावे लावावीत. ‘पहिला’, ‘दुसरा’ हे क्रमांक नंतरच्या इतिहासकारांनी दिलेले आहेत आणि ते वाचकाला काहीच सांगत नाहीत, कारण दुसरा हा पहिल्याचा मुलगा असेल, नातू असेल किंवा पुतण्याचा मुलगा असेल. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटापासून सातबाऱ्यापर्यंत नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची जी रीत आहे, ती येथे वापरावी. पॅरिसला राज्य करून ५५८ मध्ये वारलेला तो ‘चिल्डेबर्ट क्लोव्हिस’ (क्लोव्हिस म्हणजे पहिल्या क्लोथारचा बाप), आणि ५७५ मध्ये पाच वर्षांचा असताना गादीवर बसलेला तो ‘चिल्डेबर्ट सिगिबर्ट’. ५६१ मध्ये वारलेला ‘क्लोथार क्लोव्हिस’, आणि ६१३ चा विजेता ‘क्लोथार चिल्पेरिक’. ‘थ्यूडेबर्ट थ्यूडेरिक’ हा क्लोव्हिसचा नातू, तर ‘थ्यूडेबर्ट चिल्डेबर्ट’ हा त्याच्या कितीतरी नंतरचा, सख्ख्या भावाशी लढून ६१२ मध्ये संपलेला. या एका सोयीने निम्मा गोंधळ मिटतो. पहिल्या वेळी मी हे केले नव्हते आणि भर बैठकीत दोन चिल्डेबर्टांची अदलाबदल करून काकाच्या तोंडी पुतण्याच्या मुलाचा करार घातला होता. चूक दाखवून दिली ती अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने, कारण तिने हिशेब मांडला तेव्हा तो मनुष्य करार करण्याच्या एकोणतीस वर्षे आधीच मेलेला निघाला.

नावांची ही पुनरुक्ती निव्वळ योगायोग नव्हे, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावे. ‘क्लोथार’ किंवा ‘थ्यूडेबर्ट’ असे नाव ठेवणे म्हणजे मुलाच्या हक्काची जाहीर नोंद करणे होते. गादीवर दावा सांगण्यासाठी राजाचा मुलगा असणे पुरेसे होते. थोरल्याचा हक्क असा नियम नव्हता, आणि आई राणी आहे की दासी यानेही फरक पडत नव्हता. राजाची मुले ती राजाची मुले, त्यांच्या आयांचे कूळ आता कोणी पाहत नाही, असे ग्रेगरीने एके ठिकाणी स्पष्ट म्हटले आहे. ५११ मध्ये क्लोव्हिस वारला तेव्हा त्याचा थोरला मुलगा थ्यूडेरिक हा विवाहापूर्वीच्या संबंधातून झालेला होता, तरीही त्याला वाटा मिळाला आणि तोही मोठा. फ्रँकांच्या सेलिक कायद्यात जमिनीचा वारसा स्त्रियांकडे जात नाही असे एक कलम आहे खरे, पण त्याचा फ्रान्सच्या गादीशी संबंध जोडला गेला तो कित्येक शतकांनंतर. त्या कलमाने या काळातील भांडणे उलगडण्याच्या मोहात पडू नये.

कागद आणि सूत

दुसरे काम नकाशाचे. आजच्या फ्रान्स, बेल्जियम आणि पश्चिम जर्मनीचा ढोबळ आराखडा मोठ्या कागदावर काढून त्यावर केवळ शहरे टाचणीने दाखवावीत: पॅरिस, स्वासों, ऑर्लेआँ, राँस, मेट्झ, रुआँ, तूर, पुआतिए, बोर्दो, लिमोज, काओर. रंगीत सुताची आपल्या गावात ददात नाही. पूर्व भागातील यंत्रमागांवर उरलेल्या सुताच्या चार रंगांच्या कांड्या कोणीही हसतहसत देईल. एकेका भावाला एकेक रंग द्यावा आणि ज्या शहरावर त्याची सत्ता, त्या टाचणीला त्याचे सूत गुंडाळावे. ५६१ च्या वाटणीत कारिबर्टला पॅरिस, गुंट्रामला ऑर्लेआँ, चिल्पेरिकला स्वासों आणि सिगिबर्टला राँस हे मुख्य ठिकाण आले. मात्र या ठिकाणांभोवती रेषा ओढून प्रदेश रंगवू नयेत. या राज्याचे तुकडे एकसंध नव्हते. लोआर नदीच्या दक्षिणेचा ॲक्विटेन प्रदेश प्रत्येक भावाला शहराशहराने वाटून दिलेला होता, त्यामुळे राँसच्या राजाची शहरे दूर नैर्ऋत्येला दुसऱ्याच्या शहरांच्या मधोमध पडलेली असत. शहर म्हणजे तटबंदीच्या आतली वस्ती एवढेच नव्हे, तर त्याच्या भोवतालचा मुलूख, त्याचा रोमन काळापासून चालत आलेला करभरणा आणि त्याची सैनिकांची भरती. वाटणी व्हायची ती या उत्पन्नाची.

हे मनावर ठसण्यासाठी एकाच शहराचे फेरफार लिहून काढावेत. तूर हे शहर ५६१ मध्ये कारिबर्टच्या नावावर, ५६७ मध्ये तो वारल्यावर सिगिबर्टच्या, सिगिबर्टचा खून झाल्यावर चिल्पेरिकच्या, ५८४ मध्ये चिल्पेरिकचाही खून झाल्यावर काही काळ गुंट्रामच्या ताब्यात, आणि ५८७ च्या करारात सिगिबर्टच्या मुलाच्या नावे पक्के. पंचवीस-सव्वीस वर्षांत पाच मालक. सोलापूरच्या माणसाला याचे नवल वाटू नये, कारण आपला भुईकोट निजामशाही आणि आदिलशाही यांच्या मध्ये असाच हेलपाटत राहिला होता. पॅरिसचा प्रकार तर याहून विचित्र. कारिबर्टनंतर उरलेल्या तिघा भावांनी असे ठरवले की पॅरिस सामायिक ठेवायचे आणि इतर दोघांच्या संमतीवाचून कोणी त्यात पाऊल टाकायचे नाही, आणि मोडणाऱ्यावर संतांचा शाप बसेल अशी शपथही घेतली. पुढे चिल्पेरिकला आत शिरायचेच होते, तेव्हा त्याने ५८३ मध्ये संतांच्या अस्थी मिरवणुकीने पुढे धाडल्या आणि त्यांच्या आडून आपण आत गेला. शपथ मोडायची पण शाप चुकवायचा, ही युक्ती कोणत्याही काळातील वाटपाच्या भांडणात शोभून दिसेल.

पोर, पेटी, पेठ

आता मुख्य पद्धतीकडे येऊ. माझा या विषयातला अनुभव असा आहे की राजांचे स्वभाव, राण्यांचे वैर आणि सूडाच्या कथा यांच्या मागे लागल्यास वाचक रंगून जातो पण त्याला काही कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक वळणावर तीन प्रश्न विचारावेत: राजाचे पोर कोणाच्या हाती आहे, खजिना कोणाच्या हाती आहे, आणि शहरे कोणाच्या हाती आहेत. आम्ही मंडळात याला ‘पोर, पेटी, पेठ’ म्हणू लागलो. वहीत प्रत्येक घटनेखाली हे तीन रकाने आखावेत आणि जे रकाने भरता येत नाहीत ते तसेच कोरे ठेवावेत.

पहिला सराव ५६१ च्याच घटनेवर करावा. बाप वारल्याबरोबर चिल्पेरिकने बेर्नी येथील राजवाड्यातला खजिना ताब्यात घेतला, तो वजनदार फ्रँकांत वाटून त्यांना आपलेसे केले आणि पॅरिस गाठले. तिघा भावांनी एक होऊन त्याला तेथून हुसकले, आणि मगच रीतसर वाटणी झाली. तिघे एका आईचे, चिल्पेरिक तेवढा मावशीच्या पोटचा, कारण बापाने दोघी बहिणींशी लग्न केले होते. पेटी हाती होती, पेठा नव्हत्या, म्हणून डाव फसला. एवढे लिहिले की रकान्यांची उपयुक्तता पटते.

खरी कसोटी ५७५ ची. सिगिबर्टने चिल्पेरिकला तूर्ने शहरात कोंडले होते, चिल्पेरिकचे लोक फुटून सिगिबर्टकडे येत होते, आणि व्हित्री येथे त्यांनी सिगिबर्टला ढालीवर उचलून आपला राजा म्हणून जाहीरही केले. त्याच ठिकाणी चिल्पेरिकची राणी फ्रेडेगुंड हिने पाठवलेल्या दोन सेवकांनी विषारी सुऱ्यांनी त्याला भोसकले. एका क्षणात सारे उलटले. सिगिबर्टची राणी ब्रुनहिल्ड त्या वेळी मुलांसह आणि खजिन्यासह पॅरिसमध्ये होती. आता रकाने भरावेत. पेटी चिल्पेरिकने येऊन ताब्यात घेतली. ब्रुनहिल्डला रुआँला आणि तिच्या मुलींना मो येथे धाडून दिले. तूरसारखी शहरे त्याच्याकडे वळली. परंतु पोर सुटले: गुंडोवाल्ड नावाच्या सरदाराने पाच वर्षांच्या चिल्डेबर्टला गुपचूप पॅरिसमधून बाहेर काढून पूर्वेकडे नेले, आणि तेथील लोकांनी नाताळच्या दिवशी त्याला राजा केले. तीनपैकी दोन रकाने जिंकूनही चिल्पेरिकला भावाचे राज्य मिळाले नाही, ते या एका पोरामुळे. येथे बैठक थोडी थांबवून एक प्रश्न टाकावा: राज्य वाचवले कोणी, राणीने की सरदारांनी? बाल राजा हा सरदारांना सोयीचा असतो, कारण त्याच्या नावाने तेच कारभार करतात. तेव्हा त्या मुलाला पळवण्यामागे निव्वळ स्वामिनिष्ठा होती असे समजण्याचे कारण नाही.

५८४ ची घटना सदस्यांना स्वतः सोडवू द्यावी. शिकारीहून परतताना शेल येथे घोड्यावरून उतरत असलेल्या चिल्पेरिकला कोणी तरी भोसकले. त्याचा उरलेला एकुलता मुलगा क्लोथार अवघा चार महिन्यांचा. त्याच वेळी त्याची मुलगी रिगुंथ लग्नासाठी स्पेनकडे निघालेली, बरोबर पन्नास गाड्या भरून ऐवज. बाप मेल्याची बातमी तुलूजला पोहोचताच तो ऐवज बापाच्याच देसिडेरियस नावाच्या सरदाराने ताब्यात घेतला. फ्रेडेगुंड तान्ह्या मुलासह खजिन्याचा काही भाग घेऊन पॅरिसच्या मुख्य चर्चच्या आश्रयाला गेली आणि तिने दीर गुंट्रामला बोलावून घेतले. येथे गुंट्रामचे वागणे पाहण्यासारखे आहे. त्याला स्वतःचा मुलगा उरला नव्हता, म्हणून दोन्ही मृत भावांच्या मुलांचा पालक होण्यात त्याचा फायदा होता. पॅरिसमध्ये लोकांसमोर त्याने विनवणी केली की माझ्या भावांना मारले तसे मला मारू नका, निदान तीन वर्षे तरी मला पुतण्यांना वाढवू द्या. परंतु तान्हा क्लोथार खरोखर आपल्या भावाचाच आहे का, याची त्याला शंकाही होती, आणि ती दूर करण्यासाठी पुढे फ्रेडेगुंडला तीन बिशप आणि तीनशे मातब्बर माणसांची शपथ घ्यायला लावावी लागली. वारसनोंदीला इतके साक्षीदार आपल्या तलाठ्यानेही कधी मागितले नसतील.

पाच शहरांचे प्रकरण

तिसऱ्या बैठकीचा सगळा वेळ एका लग्नाला द्यावा, कारण रूढ कथनात हेच प्रकरण सर्वांत जास्त बिघडवले गेले आहे. सिगिबर्टने स्पेनचा व्हिसिगॉथ राजा अथानागिल्ड याची मुलगी ब्रुनहिल्ड केली. ते पाहून चिल्पेरिकने तिची थोरली बहीण गाल्सविंथा मागितली आणि आपल्या इतर बायका सोडण्याचे वचन दिले. ती मोठा ऐवज घेऊन आली. लवकरच फ्रेडेगुंडवरून खटके उडू लागले, तेव्हा तिने ‘माझा ऐवज येथेच ठेवा, पण मला माहेरी जाऊ द्या’ अशी विनंती केली, आणि त्यानंतर ती अंथरुणात गळा आवळलेली सापडली. चिल्पेरिकने थोडा शोक केला आणि फ्रेडेगुंडशी लग्न केले. येथून पुढे बहुतेक पुस्तके दोन जावांच्या चाळीस वर्षांच्या सूडाची कथा सांगतात.

ती कथा बाजूला ठेवून कागदाकडे पाहावे. विवाहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वराने वधूला द्यावयाची भेट म्हणून चिल्पेरिकने गाल्सविंथाला पाच शहरे दिली होती: बोर्दो, लिमोज, काओर, बेआर्न आणि बिगोर. ती मेल्यावर ही शहरे कोणाची, हा प्रश्न उरला. गुंट्राम आणि फ्रँक सरदार यांच्या निवाड्याने ती बहिणीला, म्हणजे ब्रुनहिल्डला, मिळायची ठरली. चिल्पेरिकने ती मनापासून कधीच सोडली नाहीत. नकाशावर या पाच टाचण्यांना निराळ्या रंगाचे सूत बांधले की पुढच्या वीस वर्षांतील निम्म्या मोहिमा याच पट्ट्यात का झाल्या हे दिसते. ५८७ च्या आंदलो येथील करारात, जो ग्रेगरीने संपूर्ण उतरवून ठेवला आहे, ही शहरे नावानिशी येतात: काओर ब्रुनहिल्डला तत्काळ, बाकीची चार गुंट्रामकडे त्याच्या हयातीपर्यंत आणि मग तिच्याकडे. त्याच करारात सांलीस शहरातील गुंट्रामच्या तिसऱ्या हिश्शाच्या मोबदल्यात त्याला दुसरीकडचा तिसरा हिस्सा द्यावा असेही कलम आहे. हा करार मंडळात मोठ्याने वाचावा. खातेफोडीचा दस्त लिहिलेला कोणीही माणूस तो ऐकताना मान हलवील.

याच टप्प्यावर सोलापूरचे उदाहरण घ्यावे, कारण ते नेमके बसते आणि नेमके कोठे बसत नाही हेही शिकवते. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचे, मरियमचे, लग्न बुऱ्हाण निजामशहाशी झाले, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून कबूल केला गेला असे निजामशाहीचे म्हणणे होते. किल्ला मिळाला नाही आणि त्यावरून युद्ध पेटले. पुढे हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली तेव्हा हाच किल्ला आंदण म्हणून उलट दिशेने गेला. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने तटाखालून जाताना हे आठवले की गाल्सविंथाची पाच शहरे परकी वाटत नाहीत. फरक असा की आंदण हे माहेरून येते, तर फ्रँकांची ती सकाळची भेट सासरकडून. आंदण दोन राज्यांमधील देण्याघेण्याचा भाग असते, तर ही भेट स्त्रीधनासारखी त्या बाईच्या नावावर लागते. म्हणून सोलापूरवर दोन सुलतान भांडले, आणि गाल्सविंथाच्या शहरांवर मात्र एका बहिणीला वारस म्हणून हक्क सांगता आला. ब्रुनहिल्डची सत्ता केवळ मुलाच्या पालकत्वावर उभी नव्हती, हा मुद्दा या फरकातूनच निघतो.

काका, कात्री आणि तलवार

या घराण्यात राजेपणाची खूण म्हणजे लांब केस. केस कापले की माणूस राजा होण्यास अपात्र, निदान ते पुन्हा वाढेपर्यंत. ५२४ मध्ये क्लोव्हिसचा मुलगा क्लोडोमेर लढाईत पडला आणि त्याची मुले आजी क्लोटिल्डकडे वाढू लागली, तेव्हा त्यांचे काका चिल्डेबर्ट आणि क्लोथार यांनी आजीकडे कात्री आणि उपसलेली तलवार पाठवून विचारले की नातवांचे मुंडण हवे की मृत्यू. दुःखाच्या भरात ती म्हणाली, राज्य मिळणार नसेल तर मुंडण झालेल्यापेक्षा मेलेले बरे. क्लोथारने थोरल्याला मारले. धाकट्याने दुसऱ्या काकाच्या पायांना मिठी मारून वाचवण्याची याचना केली, काका रडलाही, पण शेवटी त्याने पोराला दूर लोटले. तिसरा भाऊ वाचला आणि त्याने आपले केस आपल्याच हातांनी कापून धर्मदीक्षा घेतली.

हा प्रसंग सांगितला की मंडळातून कोणी तरी ‘काका, मला वाचवा’ म्हणतेच. म्हणू द्यावे, पण त्यावर रेंगाळू नये. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात जे घडले त्याने साऱ्या राज्याला हादरा बसला, रामशास्त्र्यांनी जाब विचारला आणि बारभाईंनी राघोबाला टिकू दिले नाही. क्लोथारला जाब विचारणारा कोणी नव्हता. तो पुढे कित्येक वर्षे जगला आणि शेवटी सबंध राज्याचा एकटा राजा म्हणून मेला. साम्य हे स्मरणासाठी उपयोगी, फरक हा समजण्यासाठी. गुंडोवाल्ड नावाच्या दुसऱ्या एका माणसाची कथाही येथे थोडक्यात घ्यावी. आपण क्लोथारचा मुलगा असे तो सांगे, त्याचे केस वारंवार कापले गेले आणि तो ते पुन्हा वाढवत राहिला, कॉन्स्टँटिनोपलहून परत येऊन त्याने दक्षिणेत राजेपण मिरवले, आणि ५८५ मध्ये कोमेंज येथे स्वतःच्याच साथीदारांच्या विश्वासघाताने तो मारला गेला. तो खरा होता की तोतया, यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. तोतयांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाने एवढेच पाहावे की त्याला उभे करणारे सरदार कोण होते आणि त्यांच्या हाती कोणाची पेटी होती. रिगुंथच्या ऐवजाचा माग तेथेच लागतो.

साक्षीदाराची उलटतपासणी

ग्रेगरी ५७३ ते ५९४ या काळात तूरचा बिशप होता. त्याचे दहा भागांतील इतिहासलेखन इंग्रजीत सहज उपलब्ध आहे आणि मंडळाने निदान चौथा ते सातवा भाग मूळातून वाचावा, सारांशावर भागवू नये. मात्र तो कोणाच्या बाजूचा, हे वाचण्याआधी ठरवून घ्यावे. त्याला बिशप केले सिगिबर्टने. चिल्पेरिकच्या अमलाखाली, ५८० मध्ये, फ्रेडेगुंडची बदनामी केल्याच्या आरोपावरून त्याला बेर्नी येथे चौकशीला सामोरे जावे लागले. त्याच चिल्पेरिकला तो आपल्या काळातील नीरो आणि हेरोद म्हणतो, त्याच्या कवितांची वृत्ते लंगडी आहेत म्हणून हसतो, आणि त्याने वर्णमालेत चार नवी अक्षरे घातल्याचेही नोंदवतो. मला स्वतःला या नोंदींवरून उलटच वाटते: कविता करणारा, लिपी सुधारू पाहणारा आणि धर्मतत्त्वांवर लिहिणारा राजा हा ग्रेगरीच्या द्वेषातूनसुद्धा त्या काळातील सर्वांत कुतूहलजनक मनुष्य म्हणून दिसतो.

उलटतपासणीसाठी चिल्पेरिकच्या खुनाचे प्रकरण उत्तम. ग्रेगरी खुन्याचे नाव देत नाही, फक्त फ्रेडेगुंडने राजाच्या एबेरुल्फ नावाच्या अधिकाऱ्यावर आरोप ठेवला एवढे सांगतो. सातव्या शतकाच्या मध्यानंतर सिद्ध झालेला फ्रेडेगरचा म्हणून ओळखला जाणारा वृत्तांत ब्रुनहिल्डकडे बोट दाखवतो. ७२७ च्या सुमारास न्यूस्ट्रियात, म्हणजे चिल्पेरिककडे असलेल्या पश्चिमेकडील राज्यात, लिहिला गेलेला फ्रँकांचा इतिहास सांगतो की फ्रेडेगुंडनेच आपल्या प्रियकरासाठी हे घडवले. तीन गट करून प्रत्येकाला एकेक साक्ष द्यावी आणि ती कोणाला सोयीची होती ते सांगायला लावावे. खुनी सापडत नाही; परंतु काळ पुढे जातो तसतसा दोष राण्यांकडे सरकत जातो, हे सदस्यांच्या आपोआप ध्यानात येते.

शेवटची बैठक

चौथ्या बैठकीत ५९२ पासून पुढे वेगाने जावे. गुंट्राम वारला, चार वर्षांच्या आत चिल्डेबर्टही गेला, आणि त्याच्या दोन अल्पवयीन मुलांत, थ्यूडेबर्ट आणि थ्यूडेरिक यांच्यात, ऑस्ट्रेशिया (सिगिबर्टचे पूर्वेकडील राज्य) आणि बर्गंडी (गुंट्रामचे राज्य) वाटली गेली. आजी ब्रुनहिल्ड प्रथम थोरल्याकडे, आणि ऑस्ट्रेशियातून हाकलली गेल्यावर धाकट्याकडे राहिली. ५९७ मध्ये फ्रेडेगुंड वारली, तेव्हा ज्या वैराने सारे घडले म्हणतात ते त्यानंतर सोळा वर्षे कोणाच्या बळावर चालू राहिले, असा प्रश्न येथे विचारावा. भावाभावांतले युद्ध ६१२ मध्ये तूल आणि झ्युल्पिश येथे थ्यूडेरिकने जिंकले आणि दुसऱ्याच वर्षी तो मेट्झला मेला.

त्यानंतर ब्रुनहिल्डने जे केले ते फारसे सांगितले जात नाही. थ्यूडेरिकला चार मुले होती. रिवाजाप्रमाणे वाटणी व्हायची, पण तिने सिगिबर्ट या एकाच पणतवाला सगळे राज्य देऊ केले. एकसंध राज्य, बाल राजा आणि वर अनुभवी पणजी ही रचना सरदारांना नको होती. ऑस्ट्रेशियाचे सरदार आर्नुल्फ आणि पिपिन ‘क्लोथार चिल्पेरिक’ला जाऊन मिळाले, बर्गंडीचा कारभारी वार्नाखार आतून फुटला, आणि सैन्य लढाईविनाच मागे फिरले. दहा राजांच्या मृत्यूचे खापर ब्रुनहिल्डवर फोडून, तीन दिवस छळून, उंटावरून धिंड काढून, अखेर केस, एक हात आणि एक पाय बेफाम घोड्याच्या शेपटीला बांधून तिला मारण्यात आले. दहांपैकी काही राजे तर खुद्द क्लोथारच्या आईबापांच्या खाती जमा होते. येथे सदस्यांनी भूमिका वाटून घ्याव्यात आणि वार्नाखारच्या जागी बसून निर्णय घ्यावा. आमच्याकडे नऊपैकी आठ जण फुटले.

यानंतर ‘कारभारी’ या शब्दापाशी एक पाऊल थांबणे भाग आहे, कारण याच पिपिनच्या वंशातील कारभाऱ्यांनी पुढे सत्ता आपल्या हाती घेतली. सातारा आणि पुणे यांची उपमा सर्वांना सुचते, बीदरच्या बरीदांची कमी जणांना, आणि खरे तर बीदर आपल्याला भौगोलिकदृष्ट्याही जवळचे. पेशव्यांनी छत्रपतींचे पद कधी घेतले नाही, वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली. फ्रँकांच्या कारभाऱ्याने मात्र ७५१ मध्ये पोपची संमती मिळवून शेवटच्या चिल्डेरिकचे केस कापले आणि त्याला मठात धाडले.

नकाशा मात्र लगेच उतरवू नये. ६१३ ची बैठक संपताना सगळ्या टाचण्यांवर क्लोथारच्या एकाच रंगाचे सूत चढवावे लागते, आणि त्याला बराच वेळ जातो. उरलेल्या कांड्या फेकून न देता वहीबरोबर जपून ठेवाव्यात, कारण ६२३ मध्ये ऑस्ट्रेशियाच्या सरदारांच्या आग्रहामुळे क्लोथारला आपला मुलगा डॅगोबर्ट याला तेथे राजा म्हणून बसवावे लागले, आणि मेट्झच्या टाचणीवर पुन्हा दुसरा रंग गुंडाळावा लागतो.